वर्ण न पाहणे म्हणजे समता काय?

"जात पाहू नका, गुणवत्ता पाहा," असे आपल्या विद्यार्थ्यांना वरचेवर ऐकावे लागते. अमेरिकेत असाच वाद वर्णावरून चालत आला आहे. त्याचा इतिहास उद्बोधक आहे.

लुइझियाना राज्यात कृष्णवर्णीयांना रेल्वेच्या वेगळ्या डब्यात बसावे लागे. १८९६ साली प्लेसी खटल्यात तेथील सर्वोच्च न्यायालयाने हे वैध ठरविले. एकट्या न्यायमूर्ती हार्लन यांनी विरोध केला. संविधान रंग पाहत नाही, असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा हा विचार शोषितांची ढाल होता. १९५४ च्या ब्राउन खटल्यात सरकारी शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरला. पुढे अनेक विद्यापीठे प्रवेश देताना मागे राहिलेल्यांच्या वर्णाचाही विचार करू लागली. २९ जून २०२३ रोजी न्यायालयाने हार्वर्ड व नॉर्थ कॅरोलिना विद्यापीठांची ही पद्धत रद्द केली. न्या. क्लॅरेन्स थॉमस यांनी हार्लन यांचाच आधार घेऊन निकालाला दुजोरा दिला; न्या. केतांजी ब्राउन जॅक्सन यांनी नॉर्थ कॅरोलिनाच्या खटल्यात विरोध नोंदविला. दोघेही कृष्णवर्णीयच!

विधान तेच, परिणाम मात्र उलटा. कायद्याने भेद करू नये, ही मागणी वेगळी. झालेल्या भेदाचे परिणाम पाहूच नयेत, हा आग्रह वेगळा. आपल्या संविधानात १९५१ सालीच कलम १५(४) घालून हा फरक मान्य केला गेला. धर्मांतराने जुनी वंचना आपोआप संपत नाही, म्हणूनच १९९० साली बौद्धांनाही केंद्राच्या अनुसूचित जातींच्या सवलती मिळाल्या.

मागील बाकी पुढे न ओढता खातेवहीचे नवे पान उघडले, तर हिशेब जुळत नाही. विद्यार्थ्यांनी वादात उतरताना एवढे ध्यानी ठेवावे.