ग्रुपवर ठरलं, पण कुणाला कळलं?

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: दादा, मंडळाची चर्चा चॅटवर ठेवू की ईमेल लिस्ट काढू? लिस्ट म्हणजे एकच पत्ता, त्यावर मेल टाकला की सगळ्या सभासदांना जातो.

आधी माझाच घोळ सांगतो. आमच्या सोसायटीचं रिडेव्हलपमेंट चाललंय. चॅट ग्रुप मीच काढला, इंजिनिअर ना घरातला! एका रात्री अकरानंतर भाड्याच्या मुद्द्यावर चर्चा पेटली. सकाळी बघतो तर दोनशेच्या वर मेसेज, त्यात गुड मॉर्निंगची फुलं, आणि मध्येच कुणीतरी लिहिलेलं, "चला, ठरलं मग." खाली अंगठेच अंगठे. तळमजल्यावरचे काका दहाला झोपतात. त्यांचं घर जाणार, आणि त्यांना पत्ताच नाही.

चॅटमध्ये जो जागा असतो त्याचं चालतं. वेळेचा क्रम असतो, विषयाचा नसतो. रिप्लायची सोय आहे हो, पण गर्दीत ती वापरतो कोण?

ईमेलचं बघा. प्रत्येक मेलला स्वतःचा आयडी असतो, आणि उत्तरात 'हे कशाचं उत्तर' याची नोंद आपोआप जाते. म्हणून धागा तुटत नाही. लिनक्स कर्नलचं काम आजही मुख्यतः असंच चालतं. कोडमधला बदल साध्या मजकुरात मेल करायचा, दुसरा नेमक्या त्या ओळीखाली शंका लिहितो, त्याच्या देशात उजाडेल तेव्हा. एप्रिल 2005 मध्ये बिटकीपर सोडत असल्याचं लिनस टोरवाल्ड्सने त्याच लिस्टवर कळवलं होतं. त्यानंतर काही दिवसांतच गिट जन्मलं. ते मेल आजही लोर डॉट कर्नल डॉट ऑर्गवर कुणालाही वाचता येतात. 'असं का ठरवलं?' हे नव्या माणसाला कुणाला विचारावं लागत नाही.

पण खरं सांगू? ईमेलचं कौतुक मलाही एका मर्यादेपर्यंतच. माझा मावसभाऊ इनबॉक्स फक्त ओटीपीसाठी उघडतो. पायथॉनवाल्यांनीसुद्धा 2022 मध्ये मुख्य चर्चा मेल लिस्टवरून डिस्कोर्सवर नेली. आणि टाकी रिकामी आहे हे मेलवर कळवणारा माणूस मला अजून भेटायचाय.

मग आम्ही काय केलं? पाणी, लिफ्ट, पार्किंग चॅटवरच. पैसा किंवा सही लागणारी गोष्ट मात्र मेलवर. एका मेलमध्ये एकच विषय, विषयाच्या ओळीत शेवटची तारीख, उत्तराला सात दिवस. चॅटवर फक्त "मेल बघा" एवढंच. ज्यांच्याकडे ईमेल नाही त्यांच्या दारात प्रिंट.

भाड्याचा विषय पुन्हा काढला. पाचव्या दिवशी काकांचं उत्तर आलं, नातीने टाइप केलेलं. चारच ओळी: काम रखडलं तर वाढीव महिन्यांचं भाडं कोण देणार, आणि ते करारात कुठल्या कलमात आहे?

दोनशे मेसेजमध्ये हे कुणीच विचारलं नव्हतं.