‘काल’, ‘काळ’ आणि ‘काया’ : एका बालमालिकेतील भयाची भाषा

मुलांच्या करमणुकीत भयाचा अंश वाढला की त्याची चर्चा बहुधा नीतीच्या किंवा मानसशास्त्राच्या अंगाने होते. ते भय मुलापर्यंत पोहोचविणारी भाषा मात्र चर्चेबाहेर राहते. जळगाव व धुळे जिल्ह्यांतील अहिराणीभाषक मुलाच्या संदर्भात या दुर्लक्षित अंगाकडे अभ्यासकांचे लक्ष वेधावे, एवढाच प्रस्तुत टिपणाचा हेतू आहे.

‘लिटिल सिंघम’ ही कार्टूनमालिका २०१८ साली ‘डिस्कव्हरी किड्स’ वाहिनीवर सुरू झाली. रोहित शेट्टी यांच्या ‘सिंघम’ (२०११) या चित्रपटातील पोलीस अधिकाऱ्याचे हे बालरूप होय. मिर्ची नगरातील चोर-लबाडांचा बंदोबस्त करणे हा या बालनायकाचा नित्यक्रम असल्यामुळे तेथील संकटे हसण्यावारी नेता येतात. परंतु ‘काल’ नावाचा आसुरी प्रतिनायक अवतरला की कथेची छटा पालटते. ‘काल का महाजाल’, ‘काल का बदला’ या दीर्घकथांची शीर्षकेच तिच्या गडदपणाची साक्ष देतात. शत्रू आता साधा गुन्हेगार उरत नाही. त्याच्या नावातच मृत्यू आहे.

पण हा मृत्यू ऐकू कोणाला येतो? संस्कृतातील दोन स्वरांमधील एकेरी ‘ल’ मराठीत सामान्यतः ‘ळ’ होतो; ‘फल’चे ‘फळ’ झाले, तसे ‘काल’चे ‘काळ’. उलट प्राकृतातील जोड ‘ल्ल’चा मराठीत ‘ल’ राहतो. म्हणून ‘कल्य’, ‘कल्ल’ या क्रमाने आलेला आपला ‘काल’ हा आजच्या आदला दिवस ठरतो. हिंदीत हा भेद निराळ्या रीतीने राखला जातो : तेथे आदला दिवस ‘कल’ आणि मृत्यू ‘काल’. तेव्हा हिंदी प्रयोगातील प्रतिनायकाचे नाव मराठी कानावर प्रथम पडते ते ‘गेला दिवस’ या अर्थाने.

अहिराणीत आणखी एक पायरी आहे. तेथे ‘ळ’च्या स्थानी ‘य’ येतो : ‘डोळा’चा ‘डोया’, ‘शाळा’ची ‘शाया’, ‘काळा’चा ‘काया’. खुद्द जळगावही बोलण्यात ‘जयगाव’ होते. हिंदीत ‘काल’ आणि ‘काला’, प्रमाण मराठीत ‘काळ’ आणि ‘काळा’ हे शब्द एकमेकांना बिलगून आहेत. त्या नादामुळे मृत्यू आणि अंधार यांचे नाते आपोआप मनात ठसते. पडद्यावरचा ‘काल’ आणि घरातला ‘काया’ यांच्यात तो नाद तुटतो. शिवाय शाळेच्या पुस्तकात ‘काया’ म्हणजे शरीर! अशा रीतीने एकच मूल घर, शाळा आणि पडदा अशा तीन ध्वनिव्यवस्थांतून एका भयाकडे पाहत असते.

यावरून मुलाला भय वाटत नाही असा निष्कर्ष काढणे चुकीचे होईल. चित्र, संगीत व आवाजाची फेक यांतून भय पोहोचतेच. शंका आहे ती अर्थाविषयी. भयाला अर्थ लाभला तर ते कथेत विरते; तो न लाभल्यास नुसती धास्ती उरते. आजीच्या गोष्टीतही राक्षस होताच. पण मुलाचा चेहरा उतरलेला दिसताच ती थांबे, आणि त्याच्याच बोलीत दोन शब्द अधिक सांगे. पडदा थांबत नाही.

ग्रिअर्सनच्या भारतीय भाषासर्वेक्षणाच्या १९०७ मधील खंडात खानदेशी बोलीची नोंद झाली. त्यानंतर या बोलीच्या ध्वनिविशेषांची चर्चा पुष्कळ झाली आहे. आता मुलांनी पाहिलेली कथा त्यांच्याकडूनच अहिराणीत ऐकावी आणि ‘काल’साठी ती कोणता शब्द योजतात हे टिपावे. मात्र सांगताना मुलाने ‘काया’ म्हटले, तर संशोधकाने वा शिक्षकाने ते दुरुस्त करू नये. तो शब्द अशुद्ध नाही; अंधाराला त्याच्या घरात तेच नाव आहे, आणि भयाचा उलगडाही त्याच शब्दापासून सुरू होणार आहे.