एकादशी एक दिवस आधी का आली?

७ जुलै २०२५ ची पहाट. साडेपाचचा सुमार होता. स्नान उरकून आम्ही द्वादशीच्या पारण्याच्या तयारीत होतो, तोच दूरध्वनी खणखणला. अमेरिकेत न्यू जर्सी येथे बरीच वर्षे राहिलेल्या आणि आमच्या कीर्तनाच्या जुन्या श्रोत्या असलेल्या एका भगिनींचा तो आवाज होता. त्यांच्याकडे तेव्हा रविवारची रात्र पडत होती. कुशल विचारण्याच्याही आधी त्यांनी विचारले, "बुवा, माझी आषाढी मोडली का हो?"

घडले होते ते असे. पुण्यातील एका हौशी तरुणाने वर्षभराच्या एकादशा, चतुर्थ्या आणि सण यांची एक फाईल तयार करून परिचितांना वाटली होती. ती या भगिनींच्या चिरंजिवांनी आईच्या भ्रमणध्वनीवरील दिनदर्शिकेत उतरवून दिली. ज्याला संगणकाच्या भाषेत इंपोर्ट म्हणतात, ते हेच. त्या दिनदर्शिकेने आषाढी एकादशी शनिवार, ५ जुलैच्या दुपारी अडीचला सुरू होते आणि रविवार, ६ जुलैच्या दुपारी अडीचला संपते असे दाखविले. बाई आज्ञाधारक. त्यांनी शनिवारी अडीचपासून उपवास धरला, रात्र हरिपाठात घालविली आणि रविवारी घड्याळात अडीच वाजल्यावर वरणभाताचे दोन घास घेतले. संध्याकाळी जाऊबाईंचा फोन आला, तेव्हा त्या म्हणाल्या, "अगं, माझा अजून उपवासच आहे."

आम्ही प्रथम पंचांग उघडले. एकादशी ६ जुलैचीच होती, आणि न्यू जर्सीच्या सूर्योदयालाही तिथी एकादशीच होती. म्हणजे जाऊबाईंचे खरे. मग हे अडीच वाजणे आले कोठून? त्या दिवसापासून आम्ही, संस्कृत शिकविण्यात आणि टाळमृदंगाच्या साथीत आयुष्य काढलेल्या माणसाने, आमच्या नातवाला समोर बसवून या फायलींचे अध्ययन आरंभिले. त्यातून जे कळले ते भाविक वाचकांच्या कानी घालावे म्हणून हा लेखनप्रपंच.

या फायलीच्या नावाअखेर आय-सी-एस अशी तीन अक्षरे असतात. तिचा नियमग्रंथ आहे. १९९८ मध्ये इंटरनेट इंजिनियरिंग टास्क फोर्स या मंडळाने तो प्रथम प्रसिद्ध केला आणि २००९ मध्ये त्याची सुधारलेली आवृत्ती आली. गूगल, अ‍ॅपल, मायक्रोसॉफ्टचे आउटलुक, सर्वांच्या दिनदर्शिका हीच लिपी वाचतात. फाईल उघडून पाहिली तर आत साध्या ओळी असतात: प्रसंग कधी सुरू, कधी समाप्त, नाव काय, ओळखक्रमांक काय. सूत्र एक, परंतु भाष्यकार अनेक. आणि जेथे भाष्यकार अनेक तेथे मतभेद आलेच, हे आम्हां शास्त्राभ्यासकांना कोणी सांगावयास नको.

आता तारीख लिहिण्याच्या तऱ्हा पाहा. नुसते आठ आकडे, २०२५०७०६, असे लिहून 'ही केवळ तारीख आहे' अशी खूण केली, तर त्याचा अर्थ 'सहा जुलै हा दिवस' एवढाच होतो. पंढरपुरात सहा जुलै, न्यू जर्सीत सहा जुलै. पण त्यापुढे टी हे अक्षर आणि तासमिनिटांचे सहा आकडे जोडले की तो दिवस न राहता क्षण होतो. आणि अखेरीस झेड हे अक्षर असेल तर तो क्षण जागतिक प्रमाणवेळेचा, म्हणजे पूर्वी जिला ग्रीनिचची वेळ म्हणत तिचा होतो. भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे. आपली ६ जुलैची मध्यरात्र म्हणजे तेथील ५ जुलैची सायंकाळचे साडेसहा, आणि उन्हाळ्यात चार तास मागे असणाऱ्या न्यू जर्सीत दुपारचे अडीच! पुण्यातील त्या तरुणाच्या साधनाने एकादशीचा दिवस न लिहिता मध्यरात्रीपासून मध्यरात्रीपर्यंतचे चोवीस तास लिहिले होते. पुण्यात ते अचूक दिसले. समुद्र ओलांडताच एकादशी दशमीत शिरली.

येथे एक सूक्ष्म गोष्ट आहे आणि तिच्यापाशी थोडे थांबले पाहिजे. तिथी ही सूर्यचंद्रांमधील बारा अंशांच्या अंतराची. ती संपण्याचा क्षण साऱ्या पृथ्वीवर एकच. परंतु दिवस कोणत्या तिथीचा म्हणावयाचा हे त्या त्या गावच्या सूर्योदयावरून ठरते. म्हणून परदेशात एकादशी भारतापेक्षा एक दिवस आधी येणे हे काही वेळा शास्त्रशुद्धच असते. तेथील पंचांगकर्ते तेथील सूर्योदय धरून गणित करतात, तेव्हा असा फरक पडतो. म्हणजे 'एक दिवस आधी' हा फरक कधी ज्योतिषाचा असतो, कधी फायलीचा. आणि पडद्यावर दोन्ही अगदी एकसारखे दिसतात. ओळखण्याची खूण एकच आम्हाला सापडली: व्रताच्या नोंदीपुढे अडीच किंवा साडेसहा अशी वेळ दिसली आणि ती कोणत्याही तिथीच्या आरंभाशी जुळत नसली, तर दोष फायलीचा समजावा.

पण दुसऱ्याच्या घरचे सांगताना स्वतःच्या घरचे झाकणे बरे नव्हे. आमचीही फजिती झाली आहे. २०२४ च्या श्रावणात एका गावी अखंड हरिनाम सप्ताह होता. ५ ऑगस्टला आरंभ आणि १२ ऑगस्टला काला. रोज सकाळी प्रवचन आणि शेवटी काल्याचे कीर्तन अशी सेवा आमच्याकडे होती. मंडळाच्या तरुण चिटणिसाने कार्यक्रमाची फाईल पाठविली. नातवाने ती आमच्या दिनदर्शिकेत उतरविली. तिच्यात सप्ताहाची पट्टी ११ तारखेपर्यंतच दिसली आणि १२ तारीख कोरी. आम्ही त्या गावी प्रवचनात मग्न. घरी नातवाने कोरी तारीख पाहून शेजारच्या तालुक्यातील एका देवस्थानाला १२ चे कीर्तन देऊन टाकले. ११ च्या रात्री त्या देवस्थानाच्या कारभाऱ्यांचा फोन आला, "बुवा, उद्या सकाळी गाडी कुठं पाठवू?" आणि आमच्यापुढे तर दहीहंडी बांधण्याची चर्चा चालली होती!

कारण शोधता आम्हाला हसूही आले आणि नवलही वाटले. नियमग्रंथाप्रमाणे पूर्ण दिवसांच्या प्रसंगाची जी समाप्तीची तारीख लिहावयाची, ती त्या प्रसंगात मोडत नाही. तिच्या आदल्या दिवशी प्रसंग संपतो. बारापर्यंतचा सप्ताह असेल तर तेरा लिहावे लागतात. चिटणिसाच्या साधनाने बाराचे बाराच लिहिले. त्याच्या पडद्यावर ते बारापर्यंत दिसत होते, आमच्याकडच्या काटेकोर दिनदर्शिकेने बाराव्याला वगळले. आमच्या व्याकरणशास्त्रात 'आ' या अव्ययाचे दोन अर्थ सांगितले आहेत: मर्यादा आणि अभिविधी. गावापर्यंत पाऊस पडला. तो गाव सोडून पडला की गाव धरून पडला? सोडून असेल तर मर्यादा, धरून असेल तर अभिविधी. विद्यार्थ्यांना हा भेद शिकविताना आमची हयात गेली. त्याच भेदाने आमचा काला गिळावा, ही पाणिनीची थट्टाच म्हणावयाची!

१२ ला आम्ही दुपारी काला केला आणि रात्री नऊला बसलेल्या घशाने देवस्थानात उभे राहिलो. सकाळपासून आलेली लांबच्या वाड्यांवरची काही मंडळी तोवर परतली होती. ते दृश्य अद्याप डोळ्यांपुढून जात नाही. मात्र, 'कागदाच्या काळी असे होत नव्हते' असे म्हणणाऱ्यांशी आम्ही सहमत नाही. पोस्टकार्डावरील 'शु.' चा 'व.' वाचून पंधरा दिवस चुकलेले हरिदास आम्ही पाहिले आहेत.

अक्षरांचे दुखणे निराळे. काही जण आय-सी-एस ऐवजी कोष्टकाची, सी-एस-व्ही नावाची फाईल देतात. ती युनिकोडची योग्य तऱ्हा न निवडता साठविली, तर 'संकष्ट चतुर्थी' च्या जागी प्रश्नचिन्हांची रांग उभी राहते. त्यातच महिना आधी की दिवस आधी हा घोळ. ७/६ चे कोणी सहा जुलै करतो, कोणी सात जून. आय-सी-एस मध्येही एक खोच आहे. ओळ पंचाहत्तर बाइटांपेक्षा लांब असू नये, मोडून खालच्या ओळीवर घ्यावी असा संकेत आहे. इंग्रजी अक्षर एका बाइटाचे, आपले देवनागरी चिन्ह तीन बाइटांचे. घाईने लिहिलेली साधने नेमकी चिन्हाच्या मध्येच ओळ तोडतात आणि ज्याचा क्षय होत नाही म्हणून ज्याला अक्षर म्हणावयाचे, त्याचेच तुकडे होतात.

पुनरावृत्तीचा मोह तर सर्वांत घातक. 'दरवर्षी' ही कळ दाबली की झाले असे पुष्कळांना वाटते. २०२४ ची आषाढी १७ जुलैला होती. एका गृहस्थांनी ती दरवर्षीसाठी लावून ठेविली. २०२५ मध्ये ६ जुलैची एकादशी होऊन गेल्यावर अकरा दिवसांनी त्यांच्या दिनदर्शिकेने आषाढीची घंटा वाजविली. अन्य पंचांगांची पुनरावृत्ती लिहिता यावी म्हणून २०१५ मध्ये नियमग्रंथाला एक पुरवणी जोडली गेली. तिच्यामुळे चिनी आणि हिब्रू पंचांगातील अधिक महिन्यांचीही सोय झाली. परंतु आपली तिथी, तिचा क्षय आणि वृद्धी तीत बसत नाही. २०२३ मध्ये श्रावण अधिक आला, २०२६ मध्ये ज्येष्ठ अधिक. अशा वर्षी एकादशा चोवीसच्या सव्वीस होतात. त्या एकेक करूनच लिहिल्या पाहिजेत, दुसरा मार्ग नाही.

चुकीची फाईल दुरुस्त करून पुन्हा उतरविली की संकट टळते असेही नाही. प्रत्येक नोंदीला एक ओळखक्रमांक असतो. तो तसाच ठेविला तर बहुधा जुनी नोंद सुधारते. बदलला तर जुनी आणि नवी शेजारी शेजारी नांदतात. मग कोणती पुसावी? २०२५ च्या कार्तिकात १ नोव्हेंबरला स्मार्तांची आणि २ नोव्हेंबरला भागवतांची प्रबोधिनी एकादशी होती. आमच्या परिचयाच्या एका मुलाने नाव सारखे पाहून 'हे दोनदा पडले आहे' असे समजून दोनची नोंद पुसली. त्याच्या आजोबांच्या गळ्यात तुळशीची माळ. पंढरीची कार्तिकी त्या दोन तारखेचीच!

म्हणून आमच्या घरी आता अशी रीत आहे. आलेली फाईल रोजच्या दिनदर्शिकेत कधीही मिसळावयाची नाही. 'व्रते' नावाची वेगळी दिनदर्शिका उघडून तीत उतरवावयाची, म्हणजे घोटाळा निघाल्यास ती सबंध काढून टाकता येते. हे काम भ्रमणध्वनीपेक्षा संगणकावर करणे बरे. गूगलच्या दिनदर्शिकेत तर ते संगणकावरूनच होते. नंतर छापील पंचांग मांडीवर घेऊन आम्ही मोठ्याने वाचतो आणि नातू पडद्याकडे पाहतो. अनेक दिवसांच्या उत्सवांचा, नवरात्राचा आणि सप्ताहाचा शेवटचा दिवस आम्ही मुद्दाम दोनदा वाचतो.

न्यू जर्सीच्या भगिनींना त्या पहाटे आम्ही एवढेच म्हटले की, तुम्ही उपवास लबाडीने सोडला नाही, मन खाऊ नका. पुढची कामिका एकादशी भारतात २१ जुलैला होती. ती त्यांनी तेथील पंचांग समोर ठेवून केली आणि दुसऱ्या दिवशी पारणे झाल्यावर फोन केला. चिरंजिवांनी जुनी फाईल काढून टाकली होती. मात्र आईच्या औषधांच्या वेळाही त्याच दिनदर्शिकेत होत्या, त्या पुन्हा भरण्यात त्यांची संध्याकाळ गेली.