कार्डे गेली, डीसीआयएम राहिले

कॉम्पॅक्ट डिजिटल कॅमेऱ्यांचा इतिहास आपल्याकडे बहुधा मेगापिक्सेलच्या आकड्यांत सांगितला जातो. काढलेला फोटो कॅमेऱ्याबाहेर कसा पडला, हा प्रश्न मात्र तांत्रिक किरकिर म्हणून बाजूला पडतो. माझ्या मते खरी निवड तिथेच झाली. १९९५ च्या कॅसिओ क्यूव्ही-१० मध्ये फोटो लगेच दाखवणारा पडदा होता, पण कार्ड नव्हते. आतल्या २ एमबी मेमरीत ९६ फोटो मावत आणि ते सिरियल केबल लावून संगणकावर उतरवावे लागत. सोनीने १९९७ मध्ये मॅव्हिकाच्या नव्या कॅमेऱ्यात चक्क फ्लॉपी घातली. फोटो जेमतेम ६४० बाय ४८० चा, कॅमेरा बोजड. तरीही अमेरिकेत तो जोरात खपला, कारण ती फ्लॉपी कुठल्याही ऑफिसातल्या संगणकात उघडत असे. चित्राच्या दर्जावर पाणी सोडून लोकांनी सोय विकत घेतली.

कार्डांची पुढची लढाई याच नजरेने पाहावी लागते. सॅनडिस्कचे कॉम्पॅक्टफ्लॅश १९९४ चे, तोशिबाचे स्मार्टमीडिया १९९५ चे. स्मार्टमीडिया पातळ आणि देखणे होते. पण मेमरीचा कारभार पाहणारी कंट्रोलर चिप त्यात नव्हती. ते काम कॅमेऱ्याच्या गळ्यात होते. त्यामुळे जास्त क्षमतेचे कार्ड आले की जुना कॅमेरा हात वर करी, आणि १२८ एमबीपाशी ही जात संपली. कॉम्पॅक्टफ्लॅशने कंट्रोलर कार्डातच ठेवला. कार्ड बाहेरच्या यंत्राशी हार्ड डिस्कच्याच भाषेत बोले, म्हणून ते कितीतरी वर्षे टिकले. सोनीची मेमरी स्टिक १९९८ मध्ये आली आणि प्रो, ड्युओ, प्रो ड्युओ अशी पिलावळ वाढवत बसली. ऑलिंपस आणि फुजीफिल्म यांचे २००२ चे एक्सडी कार्ड तर २ जीबीच्या पुढे गेलेच नाही. पॅनासॉनिक, सॅनडिस्क आणि तोशिबा यांनी १९९९ मध्ये जाहीर केलेले एसडी कार्ड शेवटी सगळीकडे बसले. २०१० मध्ये सोनीनेही ते स्वीकारले.

पण नुसत्या आकारामुळे फोटो वाचता आला असता का? २००६ मध्ये आलेले एसडीएचसी कार्ड दिसायला हुबेहूब जुन्या एसडीसारखे, तरी जुन्या रीडरला ते वाचता येत नसे. कार्डातल्या फायलींची मांडणी सर्वांनी सारखी ठेवणे, हे जास्त मोलाचे काम होते. जपानी उत्पादकांच्या जेईआयडीए या संघटनेने १९९८ मध्ये डीसीएफ नावाचा नियम ठरवला. कार्डात डीसीआयएम हे फोल्डर, त्यात १०० ते ९९९ क्रमांकांची उपफोल्डरे, प्रत्येक फायलीच्या नावात चार अक्षरे आणि ०००१ ते ९९९९ पर्यंतचा आकडा. सोबत फॅट ही सर्वांना ठाऊक असलेली फाइल व्यवस्था आणि वेळ, शटर वगैरे तपशील नोंदवणारे एक्झिफ. कारकुनी वाटावा असा हा नियम. पण त्याच्यामुळे एका कंपनीच्या कॅमेऱ्यातले कार्ड दुसरीच्या प्रिंटरमध्ये घालून फोटो छापता येऊ लागला, कॅमेऱ्यासोबतची सीडी हरवली तरी काम अडेना.

यावर पहिला आक्षेप असा, की एसडी जिंकले ते स्वस्ताईमुळे, खुलेपणामुळे नव्हे. त्याचे तंत्रज्ञान परवान्याखाली आहे आणि नावातला एस नकलीपासूनच्या संरक्षणाचा आहे. हे खरेच आहे. मात्र स्वस्ताई आली ती अनेक उत्पादकांनी तेच कार्ड बनवल्यामुळे, आणि ते संरक्षण सामान्य फोटोच्या वाटेला जातच नाही. दुसरा आक्षेप अधिक टोचणारा आहे. ९९९९ नंतर आकडा पुन्हा ०००१ वर येतो, दोन कॅमेरे एकाच नावाच्या फायली तयार करतात, आणि एका फोल्डरात कॉपी करताना घाईत ‘रिप्लेस’ दाबले की जुना फोटो गेला. आठ अक्षरी नावांच्या जुन्या मर्यादेची ही किंमत आहे. उपायही त्याच नियमांत सापडतो: एक्झिफमधली तारीख वाचून संगणक सगळ्या फायलींना नवी नावे देऊ शकतो. शिवाय मांडणी उघड असल्यामुळेच चुकून पुसलेले फोटो बऱ्याचदा परत मिळतात. फॅटमध्ये फाइल पुसली की नोंद जाते, मजकूर तिथेच राहतो. फोटोरेकसारखा मोफत प्रोग्राम जेपेगच्या सुरुवातीची खूण शोधून तो उचलतो. अट एवढीच, की त्या कार्डावर मध्ये नवे फोटो काढलेले नसावेत.

वायरलेसच्या काळात कार्डाची चर्चा कशाला, असेही कुणी म्हणेल. आय-फाय या वायफायवाल्या कार्डाचे उदाहरण पुरेसे आहे. २००७ मध्ये बाजारात आलेल्या या कार्डाला मांडामांडीसाठी कंपनीचा सर्व्हर लागे. २०१६ मध्ये जुन्या कार्डांचा आधार काढून घेण्याची घोषणा झाली आणि चालती वस्तू अधांतरी लोंबकळली. कॅमेऱ्यातल्या वायफायचेही तेच. त्याचे अॅप फोनच्या नव्या आवृत्तीवर चालेनासे झाले की फोटो अडकतात, १९९५ च्या केबलइतकेच. त्याच कॅमेऱ्यातले कार्ड काढून रीडरमध्ये घातले तर मात्र डीसीआयएम उघडते. आयफोनला कार्डाचा स्लॉट कधी नव्हताच, तरी केबलने संगणकाला जोडल्यावर फोटो दिसतात ते याच नावाच्या फोल्डरात.