अंगणवाडी बंद, रोवणी सुरू. लेकरं कुठं ठेवायची?

सावली तालुक्यात पाऊस लागला की धानाची रोवणी सुरू होते आणि बाया सकाळीच बांधीवर निघतात. खेड्यात लहान मुलांसाठी अंगणवाडीचाच आधार. पण ती काही तासच चालते आणि कधी बंदही राहते. ४ डिसेंबर २०२३ पासून राज्यातील अंगणवाडी सेविका-मदतनिसांचा संप ५२ दिवस चालला होता.

मग काय होते?
मोठ्या बहिणीची शाळा बुडते, नाहीतर लेकरू बांधावर झोपवले जाते. तिथे साप, साचलेले पाणी आणि जंगलालगत वाघ-बिबट्याची भीती.

कायदा काय सांगतो?
२०१७ च्या दुरुस्तीने ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर बंधनकारक केले. शेतमजूर महिलेला त्याचा उपयोग नाही. २००५ च्या रोजगार हमी कायद्यात मात्र वेगळी तरतूद होती. कामावरच्या महिलांसोबत पाच वर्षांखालील पाच किंवा अधिक मुले असतील, तर त्यांच्यातल्याच एकीला मुले सांभाळायला नेमायचे आणि तिलाही मजुरी द्यायची.

रोवणीत काय करता येईल?
हीच रीत टोळीने हंगामाआधी ठरवावी.
• रोज एक बाई पाळीने गावातच मुलांजवळ थांबेल.
• तिची मजुरी बाकीच्या वाटून देतील.
• घर विहीर-बोडीपासून दूर असावे.
• खाऊ, औषध, मोबाइल नंबर आणि मूल न्यायला कोण येणार, हे आदल्या दिवशीच सांगावे.

मजुरी ठरली नाही, तर पाळी दोन दिवसांत मोडते आणि पुन्हा शाळकरी मुलगीच घरी थांबते.