वेदनेतून उगम पावलेली धारा

‘जाकुझी’ म्हटले की तारांकित हॉटेलांतील ऐषआराम डोळ्यांसमोर येतो. या सुखाचा उगम मात्र एका आजारी मुलाच्या वेदनेत आहे.

इटलीहून अमेरिकेत स्थलांतरित झालेल्या सात जाकुझी बंधूंनी कॅलिफोर्नियात प्रथम विमानांचे पंखे बनविले. १९२१ मधील विमान अपघातात एक भाऊ दगावला. कुटुंबाने विमाननिर्मितीचा नाद सोडला व पुढे विहिरींचे पाणी उपसणारे जेट पंप तयार केले. धाकटे बंधू कॅन्डिडो यांचा मुलगा केनेथ याला बालवयातच संधिवाताने ग्रासले. रुग्णालयातील जलोपचारांनी त्याला आराम पडे. घरी मात्र ती सोय नव्हती. अखेर पित्याने पंपाचेच ज्ञान कामी लावले. त्यातून घरच्या टबात ठेवता येणारा ‘जे-३००’ पंप १९५६ मध्ये अवतरला. १९६८ मध्ये रॉय जाकुझी यांनी पाण्याच्या तोट्या टबातच अंतर्भूत केल्या.

यामागील तत्त्व सोपे आहे. पंप टबातीलच पाणी अरुंद तोटीतून वेगाने सोडतो. वेग वाढताच तेथील दाब घटतो, हवा आपोआप आत खेचली जाते आणि बुडबुड्यांची धार स्नायूंना मर्दन करते. पाणी ४० अंश सेल्सिअसपेक्षा अधिक गरम नसावे. हृदयविकार असणाऱ्यांनी व गर्भवती स्त्रियांनी आधी वैद्यकीय सल्ला घ्यावा.

हाताशी असलेले कौशल्य आपल्या माणसाच्या गरजेसाठी वापरले, की त्यातूनच नवा उद्योग उभा राहतो. कर्जप्रस्ताव तपासताना ही कथा मला हटकून आठवते.