किरणोत्सारी द्रव्ये : कारखान्यात, शेतात आणि दवाखान्यात

उद्यमबागेतील ओतकामाचे कारखाने आपल्या वाचकांना नवे नाहीत. पुष्कळांच्या चुली त्यांवरच पेटतात. ओतीव वस्तू वरून कितीही गुळगुळीत दिसली तरी आत हवेची पोकळी राहिलेली असू शकते, आणि पुढे दाबाखाली ती तेथेच तडकते. वस्तू न फोडता आतले पाहावयाचे असेल तर या धंद्यात इरिडियम-192 हे किरणोत्सारी द्रव्य वापरण्याची रीत आहे. एका बाजूस त्याचा इवलासा तुकडा, दुसऱ्या बाजूस फिल्म. पोकळी असेल तेथून किरण अधिक पार होतात व फिल्मवर तेवढा भाग काळा उमटतो.

हे किरण येतात कोठून? काही अणूंचा गर्भ मुळातच अस्थिर असतो. तो स्थिर होण्याच्या खटपटीत किरण बाहेर टाकतो. त्याला आच लागत नाही की बटण लागत नाही. आणि येथेच खरी मेख आहे : क्ष-किरणांचे यंत्र बंद केले की किरण थांबतात, पण इरिडियमला बंद करता येत नाही, फक्त जड धातूच्या पेटीत कोंडता येते. त्याचा जोर आपोआप ओसरतो, पण ठरलेल्या गतीने. इरिडियम-192 चा जोर 74 दिवसांत निम्मा होतो, कोबाल्ट-60 चा सुमारे सव्वापाच वर्षांत.

आता शेताकडे वळू. तुर्भे येथील भाभा अणुसंशोधन केंद्राने बियाण्यावर किरण सोडून, त्यातून निपजलेली चांगली रोपे निवडून भुईमुगाचे अनेक वाण काढले. अकोल्याच्या कृषी विद्यापीठाबरोबर काढलेला, 1991 साली प्रसारित झालेला टीएजी-24 हा त्यांपैकीच. नाशिक जिल्ह्यात लासलगावला 2002 सालापासून कोबाल्ट-60 चे केंद्र आहे. तेथे कांद्याला किरण दिले की साठवणीत मोड फुटत नाहीत. मात्र कांदा नीट सुकवलेला आणि काढणीनंतर फार दिवस न लोटलेला हवा. 2007 साली अमेरिकेस गेलेल्या आंब्यांनाही तेथेच किरण दिले होते, कारण फळातील किडीचा बंदोबस्त झाल्याखेरीज तो देश आंबा घेत नव्हता.

असा कांदा खाल्ला तर बाधा होईल काय, असे कोणीही विचारील. होणार नाही. कंदिलाच्या उजेडात ठेवलेला तांब्या काही स्वतः कंदील होत नाही.

हीच गोष्ट कर्करोगाच्या रुग्णाची, आणि ती घरोघर समजली पाहिजे. कोबाल्टच्या यंत्राखाली 'शेक' घेऊन आलेल्या माणसाच्या अंगात किरण राहत नाहीत. त्याचे ताट-वाटी वेगळे काढणे, नातवंडांना त्याच्या मांडीवर बसू न देणे, हे अज्ञान आहे. आजाराहून ते त्याला अधिक लागते. थायरॉइडसाठी आयोडीन-131 पोटात घेतलेल्या रुग्णाचे तसे नाही. तेथे द्रव्यच शरीरात असते. त्याचा जोर आठ दिवसांत निम्मा होतो. म्हणून डॉक्टर सांगतील तितके दिवस त्याने लहान मुले व गरोदर स्त्रियांपासून दूर राहावे, भांडी व अंथरूण वेगळे ठेवावे.

भंगाराचा धंदा करणाऱ्यांनी पुढील मजकूर लक्षपूर्वक वाचावा. 2010 साली दिल्लीच्या मायापुरी भंगार बाजारात एका विद्यापीठाचे जुने यंत्र विकले गेले. त्यात कोबाल्ट-60 होते. ते ठाऊक नसल्याने यंत्र तोडले गेले. अनेकजण आजारी पडले, एकाचा मृत्यू झाला. या किरणांना ना वास, ना उष्णता, ना रंग. मळमळ, उलट्या आणि कातडी भाजल्यासारखी होणे हे सारे मागाहून येते.

तेव्हा आकाराच्या मानाने विलक्षण जड पेटी, अथवा पिवळ्या पाटीवर तीन पाकळ्यांची खूण असलेली कोणतीही वस्तू मिळाली तर ती कापू नये, वितळवू नये, घरी आणू नये. माणसे दूर करावीत आणि पोलिसांना कळवावे. हात लावला असल्यास तो धुवावा, आणि डॉक्टरांना कशास हात लावला ते आधी सांगावे.